आमच्या घरातला रविवार

आठवड्याचे सात वार आपण शाळेत जाण्यापूर्वीच पाठ करतो. परंतु हे सातही वार प्रत्येकाच्या घरी पोचतातच असे नाही. आपल्या कॉलेजच्या वेळापत्रकात रविवारचा रकाना मुळी आखलेलाच नसतो, आणि न आखलेल्या त्या रकान्यावरच आपल्या सर्वांचे डोळे लागलेले असतात. वसतिगृहातले मित्र शनिवारी दुपारीच पिशव्या भरू लागतात. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. सुटीच्या अशा या जगात मी बारावीनंतर येऊन पडलो, आणि तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आले की आमच्या घरात रविवार नव्हता. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो लाल अक्षरांत होता, एवढेच.

माझे वडील ट्रकड्रायव्हर. त्यांना आम्ही नाना म्हणतो. निफाड तालुक्यातले आमचे गाव कांद्याचे, त्यामुळे नानांची बावीस वर्षे कांद्याच्या गाड्यांवर गेली. पिंपळगाव किंवा लासलगावच्या खळ्यावर गाडी भरायची, ताडपत्री आवळायची, बिल्टी खिशात घालायची आणि निघायचे. मालेगाव, धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर आणि मग कोलकाता. भूगोलाच्या पुस्तकात ही गावे मला भेटली त्याआधी ती आमच्या ओट्यावर भेटली होती. एका बाजूचा रस्ता सतराशे-अठराशे किलोमीटर. कांदा नाशवंत, म्हणून तिकडे जाताना घाई. आणि परतीचा माल मिळेपर्यंत तिकडेच थांबायचे, म्हणून येताना उशीर. एक फेरी बारा-पंधरा दिवसांची. घरी आल्यावर दोन दिवस झोप, एक दिवस गाडीचे काम, आणि चौथ्या दिवशी पुन्हा खळे. यात सोमवार कोणता आणि रविवार कोणता, हे नानांनाही सांगता आले नसते.

आमच्या गल्लीत नानांना भेटणारा माणूस ‘कधी आलात?’ असे क्वचितच विचारी. सर्वांचा प्रश्न एकच असे, ‘कधी निघणार?’ त्यात वाईट हेतू नव्हता. ड्रायव्हरला नमस्कार करण्याची ती एक रीतच झालेली होती.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी आजी वारली. नाना तिचे एकुलते एक. त्या दिवशी गाडी संबलपूरच्या पुढे होती, आणि गाडीत पंचवीस टन कांदा होता. मालकाने फोनवर दुःख व्यक्त केले आणि सांगितले, “माल खाली करून मग या.” पावसाचे दिवस, भिजलेला कांदा दोन दिवसांत सडतो, हे नानांनाही ठाऊक होते. त्यांनी माल खाली केला, गाडी जोडीदार ड्रायव्हरच्या ताब्यात दिली आणि हावड्याहून रेल्वेने ते नाशिकरोडला उतरले तो सहावा दिवस होता. अग्नी मी दिला. सावडणेही उरकले होते.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आपल्याकडे अशा वेळी जमलेली माणसे मृताची राहिलेली इच्छा आठवू लागतात. कोणी म्हणाले, नातीच्या लग्नाचे बोला. कोणी म्हणाले, घराच्या वाटणीचे बोला. नाना हात जोडून पुढे झाले आणि म्हणाले, “आई, लांबची गाडी सोडतो.” कावळा त्या शब्दाने आला की भुकेने आला, ते मला सांगता येणार नाही. पण शब्द पंधरा-वीस माणसांच्या देखत दिला गेला होता, आणि आमच्या घरात आजीला दिलेला शब्द मोडण्याची चाल नाही.

तेव्हापासून आमचा शोध सुरू झाला. ‘आमचा’ म्हणतो, कारण कागद वाचण्यासाठी नाना मला बरोबर नेत. ते सातवीपर्यंत शिकलेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हा घरच्यांच्या दृष्टीने जवळजवळ वकीलच असतो. अपेक्षा साधी होती : रात्री घरी येता येईल आणि आठवड्याला एक हक्काची सुटी मिळेल असे गाडीवरचे काम. एवढ्याच दोन गोष्टी मागताना किती दारे हिंडावी लागतात, याची मला कल्पना नव्हती.

पहिले काम दिसले ते दुधाच्या टँकरचे. संकलन केंद्रावरून शीतकरण केंद्रापर्यंत सकाळ-संध्याकाळ फेरी. रात्री घरी, हे खरे. परंतु गाई-म्हशींना रविवार नसतो, म्हणून टँकरवाल्यालाही नसतो. दुसरे काम खडीच्या डंपरचे. तिथे पैसे खेपेवर. ज्या दिवशी खेप नाही त्या दिवशी पैसे नाहीत, म्हणजे सुटी ही तिथे शिक्षाच. साखर कारखान्याच्या उसाचे काम दिवाळीपासून साधारण फाल्गुनापर्यंत, आणि पाण्याच्या टँकरचे काम त्यानंतर पाऊस पडेपर्यंत. येवला, नांदगाव, सिन्नरकडच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतात. ही दोन्ही कामे जोडून वर्ष भरते खरे, पण हंगामातला ड्रायव्हर हा हंगामातल्या बैलासारखा असतो. त्याला सोडण्याची वेळ जुंपणारा ठरवतो.

मग आम्ही आडगावच्या ट्रक टर्मिनलवर गेलो. तिथल्या चहाच्या टपरीवर जितकी माहिती मिळते तितकी कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही. ‘लोकल’ हा शब्द किती ताणता येतो हे मला तिथे समजले. एका ट्रान्सपोर्ट कचेरीत मुनीमजी म्हणाले, “लोकलच आहे, नाशिक-भिवंडी.” सकाळी सहाला भरायचे, कसारा घाट उतरायचा, भिवंडीच्या गोदामाबाहेर रांगेत उभे राहायचे, माल खाली झाला की रात्री परत घाट चढायचा. अंतराच्या हिशेबाने हे लोकल. तासांच्या हिशेबाने सोळा-सतरा तास. शिवाय रांगेत उभे राहण्याचे पाच तास कामात धरत नाहीत, कारण तेव्हा चाके फिरत नसतात. नानांनी आठवड्याच्या सुटीचे विचारले तेव्हा मुनीमजी मोठ्याने हसले आणि म्हणाले, “रविवार पाहिजे तर कलेक्टर व्हा.”

परत येताना एस. टी.त मी वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून काढले. गाडी कोणाच्या नावावर आहे? मुक्काम पडतो का? माल भरताना-उतरवताना थांबावे लागते तो वेळ कामात धरतात का? दंडाची पावती आली तर भरायची कोणी? माल फुटला तर पगारातून कापतात का? भविष्यनिर्वाह निधी कापतात का, आणि मालक आपला वाटा भरतो का? आठवड्याची सुटी पगारी की बिनपगारी? सुटीच्या दिवशी फोन आला तर नाही म्हणता येते का? नाना वाचू लागले आणि शेवटच्या प्रश्नाशी थांबले. म्हणाले, “हा प्रश्न आम्ही ड्रायव्हर लोकांनी कुणाला कधी विचारलाच नाही रे.”

हा प्रश्न मी मग आपल्या ग्रंथालयाला विचारला. कायद्याच्या कपाटात मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ सापडला. प्रौढ कामगाराकडून दिवसाला आठ तासांहून आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेऊ नये आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. नाना जन्मले त्यापूर्वीच ही सुटी कायद्याने मंजूर झालेली होती! मात्र पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच तो कायदा लागू होता. आमच्या भागातले बहुतेक मालक एका-दोन गाड्यांचे. स्वतः मालकच कर्जाच्या हप्त्यासाठी रात्री जागतो, तो ड्रायव्हरला काय झोपू देणार? कायद्याचा दिवा होता, पण त्याचा उजेड आमच्या ओट्यापर्यंत पोचत नव्हता. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० या नव्या संहितेत सामावला गेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली, आणि आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेऊ नये असे तीही सांगते.

त्याच शोधात मला नारायण मेघाजी लोखंडे भेटले. नाव पूर्वी परीक्षेपुरते ऐकले होते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा कार्यकर्ता, ‘दीनबंधू’चा संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याच्या सुटीचा पत्ता नसे. १८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि रविवारची सुटी मागितली. मागणीवर हजारो कामगारांच्या सह्या होत्या. सहा वर्षे हा झगडा चालला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ते वाचताना मला मोठे नवल वाटले. रविवार ही साहेबाची देणगी असावी अशीच आपली समजूत असते. पण कामगारांच्या वाट्याचा रविवार हा मागून, सह्या करून, सभा भरवून मिळवलेला आहे, आणि तो मिळवणारी माणसे आपल्याच मुलखातून मुंबईला पोट भरायला गेलेली होती. घरी ही हकिकत सांगितली तेव्हा नाना म्हणाले, “रविवार तर खंडोबाचा वार.” चंदनपुरीच्या यात्रेच्या दिवसांत आग्रा रोडने जाताना त्यांनी कित्येकदा गाडीतूनच हात जोडले होते. देवाच्या वारी देवापुढे उतरायला सवड मिळाली नव्हती.

काम शेवटी मिळाले ते अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. छोट्या वर्कशॉपांतून तयार झालेले सुटे भाग उचलायचे आणि मोठ्या कारखान्यात पोचवायचे. गाडी चौदा फुटी, मोठ्या ट्रकपुढे लहानच. कारखान्याच्या थेट नोकरीसाठी दहावी पासची अट होती, म्हणून बावीस वर्षांचा ड्रायव्हर कंत्राटदारामार्फत लागला. वास्तविक मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी असलेली आठवीची अटसुद्धा सरकारने २०१९ मध्येच काढून टाकली; पण कारखान्याच्या फाटकावरची अट निराळी असते. पगार थोडा, याचेही कारण मला तिथेच उमगले. लहान गाड्या चालवणारे पुष्कळ आहेत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. निकालाने अनेकांची सोय झाली. पण ज्या कामाला माणसे पुष्कळ, त्याचे मोल कमी, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा फाटकाबाहेरच्या रांगेतही दिसतो.

कंत्राटदाराचा कागद मी वाचला. महिन्याचे सव्वीस दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, शनिवारी दुपारी दोनपर्यंत, रविवार सुटी. ‘रविवार सुटी’ हे दोन शब्द मी बोट ठेवून दोनदा वाचले. मग नानांनी सही केली.

आता हिशेब. लांबच्या गाडीवर भत्ता धरून महिन्याला सरासरी सत्तावीस हजार घरी येत. इथे हातात अठरा हजार. फरक नऊ हजारांचा, म्हणजे वर्षाला १,०८,०००. वर्षात बावन्न रविवार. भागाकार केला तर एक रविवार आम्हाला सुमारे २,०७७ रुपयांना पडतो. वर्गात आम्हाला वैकल्पिक खर्च शिकवला आहे : एक गोष्ट घेताना दुसरी जी सोडावी लागते ती पहिलीची किंमत. हे उदाहरण मी आईला समजावून सांगत होतो. आई निवडलेल्या तांदळातून डोळे न काढता म्हणाली, “रातचा फोन वाजला तर आता माझ्या पोटात गोळा येत नाही. त्याचे किती रुपये लिहिलेस?” तो रकाना माझ्या वहीत नव्हता. तो कोणत्याच वहीत नसतो. बावीस वर्षे ती रात्री फोन उशाशी ठेवून निजली, हे मला त्या प्रश्नाने कळले.

नाना रोज पहाटे साडेपाचला मोटारसायकल काढतात आणि दिवे लागल्यावर परत येतात. पहिले काही रविवार फार विचित्र गेले. घरात कायम राहणाऱ्या माणसाने काय करायचे असते, हे त्यांना माहीत नव्हते आणि आम्हाला सांगता येत नव्हते. पहाटे तीनला जाग येई. अंगणात जाऊन ते मोटारसायकलच्या चाकांवर काठीने टकटक करीत. वाटेत ट्रकची हवा पाहण्याची ती सवय. आमची कुत्री त्यांच्यावर भुंकत असे. बहिणीला तिच्या अभ्यासाबद्दल काय विचारावे ते न सुचून ते तिला कोलकात्याच्या पुलाविषयी सांगत. जेवायला बसले की दहा मिनिटांत ताट रिकामे करीत, आणि आई म्हणे, “कुणी हॉर्न देत नाही मागून.” गल्लीतले लोक येता-जाता विचारीत, “कधी निघणार?” नाना म्हणत, “नाही निघायचं.” ऐकणारा मान हलवी, पण त्याचा विश्वास बसलेला नसे.

मला या बदलाबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायची आहे. महिन्याचे नऊ हजार कुठून तरी भरून यायला हवे होते. बहीण यंदा बारावीला आहे, तिला परिचारिका व्हायचे आहे, आणि त्या शिक्षणाला पैसे लागतात. म्हणून शनिवार-रविवार मी एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर वजने लिहायला जातो. रविवारी लिलाव बंद असतात, परंतु आधी घेतलेल्या कांद्याची निवड आणि गाडी भरणे चालू असते. दिवसाचे साडेचारशे मिळतात. कधी कधी मला वाटते, आमच्या घरात रविवार एकच आहे. इतकी वर्षे तो अभ्यासाच्या निमित्ताने माझ्याकडे होता, आता तो नानांकडे गेला. आईच्या वाट्याला तो अद्याप आलेलाच नाही. तिच्यासाठी अजून कोणी सह्या गोळा केलेल्या नाहीत.

मला याचे वैषम्य नाही. परंतु प्रश्न मात्र पडतो. जो रविवार १८९० साली मुंबईच्या गिरणीत पोचला, १९६१ साली कायद्याच्या पुस्तकात आमच्या नावाने लिहिला गेला, तो एका गावातल्या एका घरी यायला एका म्हातारीच्या पिंडाजवळ शब्द द्यावा लागतो, आणि आला तरी त्याची किंमत घरच्यांनीच वाटून भरायची असते. आजही रात्री महामार्गावर जे दिवे पळताना दिसतात, त्यांतल्या प्रत्येकामागे असे एक घर आहे. अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या माझ्या मित्रांनी कधी ट्रक टर्मिनलवरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसावे, एवढेच सुचवावेसे वाटते. तिथे पुस्तकातली पुष्कळ प्रकरणे चालती-बोलती भेटतात.

मी पुढच्या आषाढात वीस वर्षांचा होईन. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालवाहू वाहन चालवण्याचे ते वय. गंमतीने मी नानांना म्हणालो, “मग मीही परवाना काढू का?” नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “काढ. परवाना जवळ असावा. पण वहीतले प्रश्न विचारल्याशिवाय कुणाच्या गाडीवर बसू नको.” ते पान त्यांनी माझ्या वहीतून फाडून घेतले आहे, आणि खिशात बाळगतात. अंबडला चहाच्या वेळी दोन-तीन जोडीदारांनी ते उतरवून घेतले, असे परवा ते सहज सांगत होते.

गेल्या रविवारी दुपारी खळ्यावर गाडी भरत होती. मी काट्याजवळ वजने लिहीत होतो. नाना सायकलवरून डबा घेऊन आले. भरत असलेल्या गाडीभोवती सवयीने एक फेरी मारली, ताडपत्रीची एक गाठ ओढून पाहिली, तिच्या ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले. तो कोलकात्याला निघाला होता. मग माझ्याशेजारी पोत्यावर बसून त्यांनी डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी, आणि आईने खास बांधून दिलेला शेंगदाण्याचा ठेचा. आम्ही दोघे जेवलो. नाना सावकाश जेवत होते.